हौस आपली, हात कोणाचा?

फावल्या वेळात केवळ स्वतःच्या समाधानासाठी संगणकाचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. हैदराबाद, पुणे, बडोदे येथे संगणकाच्या नोकऱ्या करणारे आपले तरुण तर आहेतच. परंतु एखादा निवृत्त कारकून, कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी, शब्बाथ शाळेचे एखादे शिक्षक हेही या छंदात रमलेले दिसतात. कोणी घरखर्चाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम करतो, कोणी पाच पिढ्यांची वंशावळ मांडतो, कोणी गीतांची अकारविल्हे सूची तयार करतो. त्यातून पैसा मिळत नाही व मिळावा अशी अपेक्षाही नसते. अशा लोकांपुढे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न उभा राहिला आहे. वरवर तो यंत्राचा प्रश्न दिसतो. पण मुळात तो नीतीचा आहे असे आम्हांस वाटते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे जरूर आहे. संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याला समजेल अशा भाषेत पायरीपायरीने आज्ञा लिहाव्या लागतात. ही भाषा शिकण्यास महिने लागतात आणि तीत प्रावीण्य येण्यास वर्षे. २०२१ साली, लिहिणाऱ्याची अर्धी ओळ पाहून पुढच्या ओळी सुचविणारा एक साहाय्यक बाजारात चाचणीसाठी आला. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि साध्या बोलीत इच्छा सांगावी व प्रोग्रॅम मिळावा ही गोष्ट सर्वांच्या आवाक्यात आली. आजचे साहाय्यक तर प्रोग्रॅम लिहितात, तो चालवून पाहतात, कोठे अडला ते वाचतात व स्वतःच दुरुस्ती करतात. माणसाने लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढे काय यावे याचा अंदाज बांधण्यास ही यंत्रे शिकलेली असतात. २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कार्पाथी या नामांकित संशोधकाने, कोड न वाचताच यंत्राच्या भरवशावर पुढे जात राहण्याच्या पद्धतीला 'व्हाइब कोडिंग' असे गमतीने नाव दिले, आणि ते नाव रूढ झाले.

आता प्रश्न असा: जे काम आपण केवळ हौसेने करतो, ते यंत्राकडून करवून घेतले तर ते आपले राहते काय? आणि त्यात काही गैर आहे काय?

यावर दोन उत्तरे चटकन दिली जातात व दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. काही जण म्हणतात, ही फसवणूक आहे. पण फसवणूक कोणाची? नोकरीत मालकाची होऊ शकते, परीक्षेत परीक्षकाची. आपल्याच घरात आपल्याच हिशेबासाठी केलेल्या प्रोग्रॅमने फसावे असा दुसरा मनुष्य तेथे असतोच कोठे? दुसरे लोक म्हणतात, हे एक अवजार आहे. सुतार रंधा वापरतो तसे. हेही पुरते खरे नाही. रंधा सुताराच्या हाताबाहेर जात नाही व टेबलाला किती पाय असावेत हे ठरवीत नाही. हा साहाय्यक मात्र असे शेकडो लहान निर्णय आपल्या वतीने घेऊन मोकळा होतो, आणि त्यांतले बहुतेक आपल्या कानावरही येत नाहीत.

आपल्या घरांतील नाताळच्या करंज्यांचे उदाहरण घेऊ. पीठ गिरणीतून येते, साखर कारखान्यातून, खोबऱ्याचा कीसही आता पाकिटातून येतो. तरी त्या करंजीला आपण निःसंकोचपणे घरची करंजी म्हणतो. उलट सगळ्याच करंज्या दुकानातून आणून आपल्या ताटात मांडल्या, तर तसे म्हणताना जीभ अडखळते. या दोहोंच्या मध्ये रेषा नेमकी कोठे आहे? किती टक्के काम स्वतः केले म्हणजे पदार्थ घरचा, असा हिशेब कोणी गृहिणी मांडीत नाही. सारण तिच्या चवीचे असले व कडेची मुरड तिच्या हातची असली की तिच्या मनाला ते पुरते. म्हणजे कष्ट किती, यापेक्षा कष्टांचा कोणता भाग, हा विचार तेथे चालतो.

पण या उदाहरणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्हांस बराच काळ अस्वस्थ करीत आली आहे. गिरणी आली आणि जाते गेले. पहाटे उठून दळण्याचे कष्ट बायकांच्या पाठीवरून उतरले, ते योग्यच झाले; ते कष्ट परत आणा असे म्हणणाऱ्याने आधी आठ दिवस स्वतः दळून पाहावे. तथापि जात्याबरोबर ओव्याही गेल्या. ओव्या सोडाव्यात असे कोणी ठरविले नव्हते. त्या दळण्याच्या लयीवर उभ्या होत्या, लय थांबली तशा त्या थांबल्या. आज अभ्यासक खेडोपाडी जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून हजारो ओव्या टिपून घेतात, तेव्हा कोठे आपल्याला कळते की त्या कष्टांच्या पोटात काय काय होते. काम टाकून दिले की कामाबरोबर काय जाईल हे आधी दिसत नाही, ही गोष्ट छंदाला विशेष लागू आहे. कारण छंदात कामाच्या फळापेक्षा त्याच्या पोटात असलेल्या गोष्टीसाठीच माणूस बसलेला असतो.

या बाबतीत एका मोठ्या कारागिराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण निव्वळ छंद म्हणून एक संगणक-प्रणाली लिहीत आहोत असे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स या नावाने जगभर गेली. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच आहे. हे गृहस्थ अलीकडे गिटारचा आवाज निरनिराळ्या प्रकारे पालटणारी उपकरणे बनविण्याच्या नादी लागले आहेत. २०२६ च्या जानेवारीत त्यांनी आपला असा एक खेळण्यातला प्रकल्प सर्वांसाठी खुला केला व त्यासोबतच्या टिपणात मोकळेपणाने लिहिले की, आवाजाचे चित्र पडद्यावर दाखविणारा भाग आपण यंत्राकडून लिहवून घेतला आहे. तो भाग ज्या भाषेत आहे ती आपल्याला फारशी येत नाही. पूर्वी इकडून तिकडून पाहून नक्कल केली असती, आता मधला मध्यस्थ, म्हणजे आपण स्वतः, बाजूला झालो, असा त्यांचा विनोद आहे. पण आवाजाचे गणित कसे चालते हे शिकणे हा त्या प्रकल्पाचा हेतू असल्याचेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. जे शिकावयाचे होते ते त्यांनी आपल्याकडे ठेवले, जे नुसते हवे होते ते यंत्राकडे दिले, आणि कोणते कोणाचे ते लिहून ठेवले.

हे ऐकण्यास सोपे आहे. आपले सारण कोणते व पीठ कोणते हे मात्र प्रत्येकाला निराळे शोधावे लागते, आणि ते आधी कळतेच असे नाही. आमच्या परिचयातील दोघांची हकिकत सांगतो.

बडोद्याकडील एका निवृत्त गृहस्थांच्या मनात फार दिवसांपासून एक गोष्ट होती. तेथील आपली कित्येक मुले घरी मराठी बोलतात, उपासनेत मराठी गीते गातात, पण वाचतात गुजराती लिपी. बेळगावकडे हीच गोष्ट कानडीची. तेव्हा देवनागरीतील गीत घातले की गुजराती लिपीत ते बाहेर यावे असा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. स्वतःला प्रोग्रॅम लिहिता येत नसल्याने तो कधीच झाला नव्हता. नातवाने यंत्रसाहाय्यक जोडून दिला आणि एका संध्याकाळी काम झाले.

यातील मेख समजून घेण्यासारखी आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्या जागतिक व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. देवनागरीची घरे २३०४ पासून सुरू होतात, गुजरातीची २६८८ पासून, कानडीची ३२०० पासून. आपल्या लिपींची ही घरे एकमेकींशेजारी समांतर आखलेली आहेत. देवनागरी 'क' २३२५ वर आहे. त्यात ३८४ मिळविले की २७०९, आणि तेथे गुजराती 'क' बसलेला आहे. ८९६ मिळविले तर कानडी 'क'. तेव्हा प्रोग्रॅम काय, बेरजेचा! बहुतेक ओळी बिनचूक उमटतात. पण 'तारणाऱ्या' हा शब्द आला की गाडी अडते. 'ऱ्या' मधील तो विशिष्ट 'ऱ' २३५३ वर आहे, आणि गुजरातीत त्याच्या समोरचे घर रिकामे आहे. कागदावर त्या जागी नुसता चौकोन येतो. कानडीत त्या घरात एक जुने, वापरातून गेलेले अक्षर आहे. म्हणजे चौकोन येत नाही, चुकीचे अक्षर येते, आणि ते अधिक वाईट, कारण ते चटकन दिसत नाही. बेरजेने चालणारा प्रोग्रॅम यंत्राने लिहिलेला असो की माणसाने, तो येथे फसणारच. त्यातच हाच 'ऱ्या' आपल्याकडे दोन निरनिराळ्या रीतींनी टंकला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन भिन्न शब्द. सूची लावावयाची तर आणखी एक पंचाईत: युनिकोडात 'ळ' हा 'ल' व 'व' यांच्या मध्ये बसविलेला आहे, आणि आपल्या मुळाक्षरांत तो 'ह' नंतर येतो.

त्या गृहस्थांनी चौकोन पाहिला, कारण ते गीत त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी यंत्राला कारण विचारले, उत्तर समजले नाही म्हणून पुन्हा विचारले. असे चार दिवस चालले. शेवटी प्रोग्रॅम तर सुधारलाच, पण आपण लहानपणापासून लिहीत आलेला हा 'ऱ' इतका वेगळा आहे हे सत्तराव्या वर्षी कळले म्हणून ते शाळकरी मुलासारखे हरखून गेले. यंत्राने त्यांची हौस काढून घेतली असे कोण म्हणेल? त्यांची हौस कोडची नव्हतीच. ती गीतांची होती.

दुसरे, हैदराबादेस नोकरी करणारे एक तरुण बंधू. ते सहा महिने रात्री थोडा थोडा वेळ काढून, आपल्या मनाजोगता बुद्धिबळाचा प्रोग्रॅम स्वतः लिहीत होते. एका सुट्टीच्या दिवशी उरलेले काम त्यांनी यंत्रास सांगितले. दुपारच्या जेवणापूर्वी सर्व पुरे झाले, उत्तम झाले. त्यानंतर त्यांनी तो प्रोग्रॅम उघडलेला नाही. बाजारात याहून चांगले बुद्धिबळाचे प्रोग्रॅम फुकट मिळतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांना प्रोग्रॅम हवा नव्हता, तो लिहिणे हवे होते. यंत्राने त्यांना फळ दिले आणि झाड नेले.

कोणी म्हणेल, निदान वेळ तरी वाचला! याबाबतही सावध राहावे. २०२५ साली मेटर या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे देऊन पाहिली. काही कामे यंत्रसाहाय्याने, काही त्यावाचून. आपण जवळजवळ २० टक्के लवकर काम केले असे त्यांना शेवटी वाटत होते. घड्याळ पाहिले तेव्हा साहाय्याने केलेल्या कामांना १९ टक्के वेळ अधिक लागला होता. हा निष्कर्ष थोड्या माणसांवरचा व त्या वेळच्या साधनांपुरता आहे आणि साधने झपाट्याने सुधारत आहेत, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. आम्हांस त्यातील एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की, आपल्याच कामाबद्दलचा आपला अंदाज इतका फसू शकतो.

आता एक आक्षेप घेतला जातो तो वजनदार आहे. हाताने लिहिणाऱ्याला तरी आपल्या प्रोग्रॅमच्या खाली काय चालले आहे ते पुरते कोठे ठाऊक असते? तो ज्या भाषेत लिहितो तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिलेला असतो, त्याखालची प्रणाली तिसऱ्याने. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात हेच दाखवून दिले होते. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असा सापळा लपविता येतो की मूळ मजकूर ओळन्ओळ तपासला तरी तो सापडणार नाही. तेव्हा संपूर्णपणे स्वतःचे असे काम पूर्वीही नव्हते. हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यावरून 'मग कशालाच उत्तरदायी राहण्याचे कारण नाही' हे कसे निघते? पाया गवंड्याने घातला म्हणून वरच्या भिंतीचा ओळंबा पाहू नये असे कोणी म्हणत नाही. जेवढे पाहता येते तेवढे पाहिले काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आणि हौशी कामाच्या बाबतीत तो प्रश्न एका विशिष्ट क्षणी फार तीव्र होतो. तो क्षण म्हणजे घरातले काम दुसऱ्याच्या हाती जाते तो. स्वतःच्या खर्चाची बेरीज चुकली तर आपलेच नुकसान. पण हाच हौशी मनुष्य उत्साहाने शब्बाथ शाळेच्या हजेरीचा प्रोग्रॅम करून देतो. त्यात मुलांची नावे, वाढदिवस, आईबापांचे फोन, घरांचे पत्ते असतात. ती माहिती कोठे साठते? दाराला कुलूप आहे काय? हे तपासल्यावाचून तो शिक्षिकेच्या हाती ठेवणे आम्हांस गैर वाटते, मग तो किती का चांगला चालेना. ती शिक्षिका यंत्रावर विश्वास ठेवीत नसते, ती त्या मनुष्यावर ठेवीत असते. तिला वाटते, आपल्या भाऊंनी केले आहे म्हणजे त्यांना त्यातले कळते. न कळताच 'मी केले' म्हणून दिले, तर येथे मात्र फसवणूक झाली, आणि तीही प्रेमाने वागणाऱ्या माणसाची.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातील दाविदाची गोष्ट काही लोक या वादात पुढे करतात. अरवनाने आपले खळे व बैल फुकट देऊ केले असता दाविदाने ते घेतले नाहीत. ज्याला आपली पदरमोड झाली नाही असे अर्पण त्याला नको होते, म्हणून त्याने ५० शेकेल रुपे मोजून दिले. यावरून, यंत्राकडून फुकटात करवून घेतलेले काम मंडळीला देऊ नये असे म्हणणे आम्हांस ओढूनताणून आणलेले वाटते. दाविदाने खळे स्वतः बांधले नव्हते, विकतच घेतले होते. किंमत मोजावी एवढेच तेथे आहे. ती कोणत्या नाण्यात मोजावी हे नाही. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम बसून वाचणे, समजेपर्यंत विचारणे, शंभर वेळा चालवून पाहणे, यात पदरमोड कमी होत नाही. अनेकांना तर लिहिण्यापेक्षा ते कंटाळवाणे वाटते.

मुलांविषयी मात्र आमचे मत थोडे कडक आहे. आपल्या शाळांतून मुले स्क्रॅच नावाच्या साधनावर, रंगीत ठोकळे जोडून, खेळ तयार करण्यास शिकतात; अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने ते २००७ साली सर्वांसाठी खुले केले. मांजर उडी मारीत नाही, का मारीत नाही ते कळत नाही, आणि मग अर्ध्या तासाने एकदाची मारते, हा आनंद ज्या मुलाने घेतला आहे त्याला पुढे यंत्र खुशाल द्यावे. ज्याने घेतला नाही त्याला ते आधीच दिले तर उडी त्याला दिसेल, पण ती आपली आहे असे कधी वाटणार नाही. मुलांकडून सुवर्णवचने पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. पुस्तक हातात असताना पाठांतराची गरज काय, हा प्रश्न त्यांना दर वर्षी एक तरी हुशार मुलगा विचारतोच. शिवाय चांगल्यावाईटाची पारख ज्या खटपटीतून येते तीच खटपट आपण यंत्राकडे देतो आहोत. टोरवाल्ड्सला ती परवडते, कारण तीस-पस्तीस वर्षांची पारख त्याच्या गाठी आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या गाठी काय आहे? तरीही यंत्राने मुलाच्या हातून ठोकळे काढून न घेता, कोणता ठोकळा का अडला एवढेच सांगितले, तर घरात मोठा भाऊ नसलेल्या मुलाला तो एक बरा सोबती होईल, हे नाकारता येत नाही.

बडोद्याच्या त्या गृहस्थांचे पुस्तक अजून छापलेले नाही. प्रोग्रॅम यंत्राकडून करवून घेतला आहे असे त्यांनी पहिल्या पानावर लिहिण्याचे ठरविले आहे, आणि त्याखाली ज्यांनी गीते ताडून पाहिली त्यांची नावे. त्यासाठी दर शनिवारी संध्याकाळी दोन मुली गुजराती अक्षरांवरून मोठ्याने वाचतात व गृहस्थ समोर मराठी पुस्तक धरून ऐकतात. परवापर्यंत पन्नास गीते झाली होती. त्यांत प्रोग्रॅमच्या चुका सात निघाल्या, आणि दोन मूळ मराठी पुस्तकातल्याच छपाईच्या.